रेडिओ-नियंत्रित मोटारी : रिसीव्हरच्या बॅटरीची निवड आणि बांधणी

नायट्रो इंधनावर धावणाऱ्या रेडिओ-नियंत्रित मोटारींची सुरक्षितता बव्हंशी रिसीव्हरच्या छोट्या बॅटरीवर अवलंबून असते. विजेवरील मोटारीत रिसीव्हरला सहसा मुख्य बॅटरीतूनच वीज मिळते. इंजिनाच्या मोटारीत मात्र रिसीव्हर, तसेच दिशा आणि थ्रॉटल-ब्रेक सांभाळणारे दोन सर्व्हो या स्वतंत्र बॅटरीवर चालतात. ती निकामी झाली तरी इंजिन सुरूच राहते आणि थ्रॉटल उघडे असल्यास मोटार बेफाम धावू शकते. सिग्नल तुटताच ब्रेक लावणाऱ्या फेलसेफ यंत्रणेलाही वीज लागतेच. त्यामुळे कार्ब्युरेटर आपोआप बंद करणारी स्प्रिंग बसवणे हिताचे ठरते.

चार डबल-ए अल्कलाइन सेल ६ व्होल्ट देतात. परंतु धक्क्यांमुळे खोक्यातील स्प्रिंगचा संपर्क तुटू शकतो. १.२ व्होल्टचे पाच निकेल-मेटल हायड्राइड सेल पक्के जोडून तयार केलेला पॅक तितक्याच व्होल्टचा, पण अधिक भरवशाचा असतो. दोन सेलचा लिथियम-पॉलिमर पॅक पूर्ण चार्ज झाल्यावर ८.४ व्होल्टपर्यंत पोहोचतो. सर्व्हो तेवढा दाब सोसणारे नसल्यास रेग्युलेटर आवश्यक असतो. लिथियम पॅकसाठी त्याच प्रकारचा चार्जर वापरावा.

बॅटरी फोममध्ये गुंडाळून बंद पेटीत घट्ट बसवावी. तारा गिअर आणि तापलेल्या सायलेन्सरपासून दूर ठेवाव्यात, तसेच प्लगवर ताण येऊ देऊ नये. इंजिन सुरू करण्यापूर्वी प्रत्येक वेळी व्होल्टेज तपासणे श्रेयस्कर.