मागावरच्या माणसाची छाती फोनवर कशी ऐकू येणार?

मोबाइलवरून डॉक्टरचा सल्ला घेण्याची सोय आता गावोगाव पोहोचली आहे. सरकारची 'ई-संजीवनी' २०१९ साली सुरू झाली आणि मार्च २०२० मध्ये फोन व व्हिडिओवरून उपचार करण्याचे रीतसर नियम आले. ही सोय वाईट नाही. आमच्या यंत्रमाग कामगाराची मजुरी उतरलेल्या कापडावर. दवाखान्यात गेला की अर्धा दिवस बुडतो. साखरेचे किंवा रक्तदाबाचे ठरलेले औषध पुढे चालू ठेवायचे असेल तर खुशाल फोन करावा.

परंतु आपल्या धंद्याचे काही आजार समोर बसल्याशिवाय उमगत नाहीत. कापसाच्या धुळीने होणारा 'बिसिनोसिस' त्यातलाच. पिंजाई-कताईच्या खात्यांत तो जास्त, मागावर कमी. सुरुवातीला सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्या दिवशी छाती आवळते, मग आठवडाभर बरे वाटते. इंग्रजी पुस्तकांत याला सोमवारचा आजार म्हणतात, कारण तिथल्या गिरण्या रविवारी बंद असत. मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात, म्हणजे आपल्याकडे तो शनिवारचा आजार झाला! 'दम नेमका कोणत्या दिवशी लागतो?' हा सवाल मोहल्ल्यात बसणाऱ्या, मागाची खडखड रोज ऐकणाऱ्या डॉक्टरलाच लवकर सुचतो. शिवाय छातीला नळी लावावी लागते, ती फोनमधून लागत नाही.

दुसरी गोष्ट कानांची. वर्षानुवर्षे मागांच्या आवाजात काम केलेल्या माणसाला ऐकू कमी येते. फोनवर तो प्रत्येक प्रश्नाला 'हां, हां' म्हणतो. समोरचा डॉक्टर त्याच्या तोंडाकडे पाहूनच ओळखतो की याला काही समजले नाही.

आम्ही व्यापारी व्हॉट्सअॅपवर कापडाचे फोटो पाहतो, पण नव्या पार्टीचा माल ताग्याला हात लावल्याशिवाय उचलत नाही. मग माणसाच्या बाबतीतच घाई कशाला?

२०२० चे नियमही हेच सांगतात. प्रत्यक्ष तपासणी हवी की नाही हे डॉक्टरने ठरवायचे, आणि पहिल्याच वेळी नुसत्या आवाजावरून फार मोजकी, साधी औषधे देता येतात.

बिसिनोसिस हा नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला आहे. तेव्हा कामगार भावांनी कोणत्या खात्यात किती वर्षे काम केले, हे डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्यावे. कारखानदारांनी त्यासाठी अर्ध्या दिवसाची मजुरी सोसावी. दावा करायची वेळ आली तर आधी तोच कागद शोधावा लागतो.