आधी तपासा, मगच पैसे मोजा!

मोटारगाडी ही आता फक्त साहेबाची चीज राहिलेली नाही. आपल्या वस्तीतले कितीतरी बांधव टॅक्सी चालवून संसार करतात. कर्जाचा हप्ता दर महिन्याला ठरलेला. गाडी उभी राहिली की घराचे गणित कोलमडते. म्हणूनच आमच्या शेजारी घडलेली हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शेजाऱ्यांची तीन सिलेंडरची सीएनजी टॅक्सी मिसिंग करू लागली. चढावर झटके, सिग्नलला इंजिनाची थरथर, समोर चेक इंजिनचा दिवा. एका गॅरेजवाल्याने बोनेट उघडले, नुसते पाहिले आणि सांगितले, "तिन्ही कॉईल गेल्या, बदलाव्या लागतील." शेजारी उसनवारीसाठी आमच्याकडे आले. त्यांची मुलगी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकते. ती म्हणाली, "पप्पा, तिन्ही एकदम कशा जातील? आधी तपासू या."

आम्ही कारकुनी करणारे. कॉईल म्हणजे काय तेच ठाऊक नव्हते. पोरीने समजावले. बॅटरी १२ व्होल्टची. तेवढ्याने प्लगमध्ये ठिणगी पडत नाही. कॉईलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात, एक थोड्या वेढ्यांचे, दुसरे हजारो वेढ्यांचे. पहिल्यातील प्रवाह एकाएकी तोडला की दुसऱ्यात २० हजार व्होल्टच्या वर दाब तयार होतो आणि ठिणगी उडते. हे मूळ तत्त्व १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी शोधले. ते लोहाराचे पुत्र. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना, बांधायला आलेली पुस्तके वाचून ते शिकले!

ओळखीच्या मेकॅनिकचा स्कॅनर लावला. कोड आला 'पी ०३०२', म्हणजे दुसऱ्या सिलेंडरमध्ये मिसिंग. पण दोष कॉईलचा, प्लगचा की इंजेक्टरचा? पोरीने दुसऱ्या सिलेंडरची कॉईल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवली. जुना कोड पुसून गाडी फिरवली. आता कोड आला 'पी ०३०३'. कॉईलबरोबर दोषही सरकला! म्हणजे एकच कॉईल खराब. दोष जागचा हलला नसता, तर प्लग किंवा इंजेक्टर तपासावा लागला असता.

बदलण्याचे काम अर्ध्या तासाचेही नव्हते. इंजिन बंद करून थंड होऊ दिले, चावी काढली, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली. कॉईलच्या कनेक्टरचे लॉक दाबून तो काढला, १० नंबरच्या पान्याने बोल्ट खोलला आणि कॉईल हलकेच फिरवीत वर ओढली. नवी कॉईल गाडीच्या मॉडेलची पाहून घेतली, ती पूर्ण खाली बसल्याची खात्री केली, बोल्ट बेताने आवळला. इंजिन चालू असताना मात्र कॉईल कधीही ओढू नये. जबर झटका बसतो, आगीचीही भीती असते.

पोरीने प्लगही काढून पाहिले. ते झिजून त्यांची फट वाढली होती. फट वाढली की ठिणगीसाठी कॉईलला जास्त दाब द्यावा लागतो, ती तापते आणि लवकर जाते. सीएनजीवर हा ताण पेट्रोलपेक्षा अधिक असतो. म्हणून प्लग वेळेवर बदलावेत. मिसिंग करणारी गाडी तशीच दामटूही नये. न जळलेले इंधन सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते, तो अति तापून निकामी होतो आणि त्याचा खर्च कॉईलच्या कितीतरी पट असतो.

एक कॉईल आणि तीन प्लग एवढ्यात काम झाले. दुसऱ्या दिवशी टॅक्सी धंद्याला लागली. शेजाऱ्यांना उसने पैसे घ्यावे लागले नाहीत.

बंधू-भगिनींनो, सगळेच गॅरेजवाले फसवतात असे आम्ही म्हणत नाही. पण कोणता कोड आला, कशावरून ठरवले, जुना भाग दाखवा, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. आणि घरातली मुलगी पाना हातात घेऊ म्हणाली, तर तिला हसू नका. शेजाऱ्यांच्या घामाचे पैसे वाचले, ते तिच्या शिक्षणामुळेच!