साखरेविना फळांची कोशिंबीर

कार्तिकी एकादशीच्या दिवशी मराठवाड्यात घरोघर फराळाची सिद्धता चाललेली असते. परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील पेडगाव घेतले, तरी तेथे निराळे चित्र दिसावयाचे नाही. साबुदाण्याच्या खिचडीशेजारी परातीत मोसंबी, पेरू, केळी, पपई आणि डाळिंब मांडलेली असतात. फळे चिरून होतात आणि गृहिणीचा हात आपसूक साखरेच्या डब्याकडे वळतो. त्याच पंक्तीस मधुमेह जडलेले आजोबा बसलेले असतात. साखर पडताच ती वाटी त्यांना वर्ज्य होते, आणि ‘त्यांना नुसते केळे द्या’ असे म्हणून त्यांचे पान निराळे काढले जाते. हा हात साखरेकडे का वळतो, आणि तो न वळविता गोडी कशी साधावी, हाच प्रस्तुत भाषणाचा विषय होय.

साखर घालण्याची सवय शिकरणापासून लागली असावी, असे वाटणे साहजिक आहे. परंतु खरे कारण अधिक साधे आहे. फळ कच्चे, आंबट वा बेचव निघाले की ती उणीव झाकण्यास साखर धावून येते. मौज अशी की, तिने उणीव झाकली जाते, पण पदार्थ मात्र बिघडतो. चिरलेल्या फोडींवर साखर पडली की ती फळाच्या पेशींतील पाणी बाहेर ओढून घेते. थोड्याच वेळात तळाशी पाक साचतो, फोडी लिबलिबीत होतात आणि पेरू व पपई यांची चव निरनिराळी न लागता सर्वत्र एकच गोडी लागते. तात्पर्य, साखर ही फळांच्या गोडीत भर घालीत नसून त्या गोडीच्या जागी येऊन बसते.

म्हणून गोडी बाजारातच निवडली पाहिजे. या बाबतीत फळांच्या दोन जाती ध्यानात ठेवाव्या. केळे व पपई ही झाडावरून उतरल्यावरही पिकत राहतात. केळ्यातील पिष्टाची हळूहळू साखर होते, म्हणूनच साल पातळ होऊन तिच्यावर तपकिरी ठिपके आलेले केळे हिरवट केळ्याहून कितीतरी गोड लागते. मोसंबी व डाळिंब यांचे तसे नाही. ती तोडल्यावर अधिक गोड होत नाहीत. घरी चार दिवस ठेवून काही साधत नाही. ती हातात घेऊन तोलावी, आणि आकाराच्या मानाने जड लागेल ते फळ घ्यावे. मोसंबीची साल हिरवी म्हणून ती कच्ची समजण्याचे कारण नाही. उष्ण प्रदेशात पिकलेल्या मोसंबीचीही साल पुष्कळदा हिरवीच राहते. शेजारच्या जालना जिल्ह्याची मोसंबी प्रसिद्धच आहे. पेरू वासावरून पारखावा; परडी जवळ आणताच दरवळ यावा.

चार माणसांस दोन मोसंबी, दोन मध्यम पेरू, एक मोठे केळे, पपईच्या दोन लांब फाकी आणि अर्ध्या डाळिंबाचे दाणे पुरतात. फळे चिरण्यापूर्वी सालीसकट स्वच्छ धुवावी, कारण सुरी सालीवरील मळ गरापर्यंत नेते. भांडे काचेचे वा चिनी मातीचे घ्यावे. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट रस कळकतो. प्रथम मोसंबीच्या पाकळ्या सोलून पांढरा पापुद्रा व बिया काढाव्या, कारण कडवटपणा त्यांत असतो. पाकळ्या सोलताना गळणारा रस त्याच भांड्यात पडू द्यावा. मग पेरू व पपई, नंतर डाळिंबाचे दाणे, आणि केळे अगदी वाढतेवेळी.

या क्रमास कारण आहे. चिरलेले केळे व पेरू हवेशी संयोग होताच तपकिरी पडतात. फळातील एक प्रकारचे विकर हे कार्य घडविते, आणि आंबट रसात त्याचा जोर ओसरतो. म्हणून मोसंबीच्या रसात अर्ध्या लिंबाचा रस मिसळून त्यात फोडी घोळवाव्या. वर चिमूटभर सैंधव घातले तर कडू व तुरट चव दबून गोडी उठून दिसते. साखरेचे काम मीठ करते, असे म्हटले तरी चालेल. दूध मात्र घालू नये. लिंबाने ते नासते, आणि कच्चट पपईतील चिकाने त्यातील प्रथिने फुटून त्यास कडवटपणा येतो. कोशिंबीर ताजीच खावी. उन्हाळ्यात तासाहून अधिक काळ उघडी ठेवू नये.

आता आजोबांच्या वाटीविषयी. साखर घातली नाही म्हणजे पदार्थात साखर नाही, असा समज होणे घातक आहे. शंभर ग्रॅम पपईत सुमारे ८ ग्रॅम, तर तितक्याच पिकलेल्या केळ्यात सुमारे १२ ग्रॅम नैसर्गिक साखर असते. म्हणजे ‘नुसते केळे द्या’ या मायेच्या आज्ञेने त्यांच्या हाती अधिक गोड फळच पडत होते! त्यांच्या वाटीत पेरू व पपई अधिक, केळ्याच्या दोन-तीन चकत्या आणि एकंदर माप लहान, असे असावे. पेरूत क जीवनसत्त्वही मोसंबीच्या कितीतरी पट असते. शिवाय साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टच असल्याने खिचडीचे मापही आवरावे लागते. औषध घेणाऱ्याने उपवास करावा की नाही, हे डॉक्टरांस विचारूनच ठरवावे.

फळांचा रस काढून गाळण्यापेक्षा ती चावून खाणे इष्ट, हेही येथे सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेची मर्यादा घालून देताना वरून घातलेल्या साखरेबरोबर फळांच्या रसातील साखरही तीत धरली. अखंड फळातील साखर धरली नाही. चोथ्यामुळे फळ सावकाश खाल्ले जाते व पोट लवकर भरते.

या कोशिंबिरीत विशेष कौशल्य ते काय? फळ पारखून घ्यावे, क्रमाने चिरावे आणि वेळेवर वाढावे, एवढेच. परंतु एवढे साधले की घरातील सर्वांना एकाच भांड्यातून वाढता येते, आणि सणाच्या दिवशी कोणाचे पान निराळे काढावे लागत नाही.