मदरबोर्डवरील चिपसेट : स्वरूप, कार्य आणि महत्त्व

५.० उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर तुम्हांला –
• चिपसेट म्हणजे काय व त्याचे कार्य कोणते, हे सांगता येईल.
• नॉर्थब्रिज व साउथब्रिज यांमधील कामाची विभागणी आणि तीत पुढे झालेला बदल स्पष्ट करता येईल.
• संगणक निवडताना चिपसेटचा विचार का करावा लागतो, याचे विवेचन करता येईल.

५.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, संगणकाची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. तीत प्रोसेसरचे नाव ठळक अक्षरांत असते. त्याखाली रॅम किती, डिस्क किती, हे दिलेले असते. चिपसेटचा उल्लेख मात्र बहुधा नसतो. तरीही मदरबोर्डवर कोणत्या पिढीचा प्रोसेसर चालेल, रॅमच्या किती पट्ट्या बसतील, किती डिस्क व यूएसबी उपकरणे जोडता येतील, या बाबी बऱ्याच अंशी चिपसेटवर अवलंबून असतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. रॅम वाढवता येते, डिस्क बदलता येते, बहुतेक डेस्कटॉप संगणकांत प्रोसेसरही बदलता येतो. चिपसेट मात्र मदरबोर्डवर कायमचा पक्का बसवलेला असतो. तो बदलायचा म्हणजे मदरबोर्डच बदलायचा. म्हणून कष्टाच्या पैशातून संगणक घेणाऱ्याने हा न दिसणारा भाग समजून घेणे अगत्याचे आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ चिपसेट म्हणजे काय?

आकडेमोड करणे आणि आज्ञा पार पाडणे हे प्रोसेसरचे काम होय. परंतु प्रोसेसरला लागणारी माहिती बाहेरून येते व निष्कर्ष बाहेर पाठवावे लागतात. कळफलक, डिस्क, ध्वनियंत्रणा, नेटवर्क ही सर्व उपकरणे वेगवेगळ्या गतीने आणि वेगवेगळ्या पद्धतीने संदेश पाठवतात. या उपकरणांची प्रोसेसरशी व स्मृतीशी गाठ घालून देणारी, त्यांच्या संदेशांचे रूपांतर करणारी आणि कोणाचा संदेश केव्हा जाईल याचा क्रम राखणारी चिप किंवा चिपांचा समूह म्हणजे चिपसेट.

एक उदाहरण पाहू. तुम्ही स्वाध्यायाचे उत्तर टंकलिखित करत आहात. कळ दाबताच तिचा संकेत यूएसबी मार्गाने सामान्यतः चिपसेटकडे येतो व तेथून प्रोसेसरपर्यंत पोहोचतो. अक्षर रॅममध्ये नोंदले जाते. मजकूर जतन करण्याची आज्ञा दिल्यावर चिपसेटमधील डिस्क-नियंत्रक तो मजकूर रॅममधून थेट उचलून डिस्ककडे पाठवतो. प्रोसेसरला एकेक बाइट स्वतः वाहून न्यावा लागत नाही. त्या अवधीत तो दुसरे काम करू शकतो. मजकुरावरील प्रक्रिया चिपसेट करत नाही, पण त्याच्यावाचून तो मजकूर डिस्कपर्यंत पोहोचणार नाही.

५.२.२ सुट्या चिपांपासून संचापर्यंत

१९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीत इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता. त्याच्या मदतीला अनेक सुट्या चिपा होत्या : उपकरणांच्या हाका प्रोसेसरपर्यंत पोहोचवण्यासाठी ८२५९, स्मृतीशी थेट देवाणघेवाण करण्यासाठी ८२३७, कालमापनासाठी ८२५३. १९८४ मध्ये पीसी एटी हे पुढचे यंत्र आले. त्यानंतर थोड्याच अवधीत चिप्स अँड टेक्नॉलॉजीज या अमेरिकी कंपनीने एटीमधील अशी अनेक कामे मोजक्या चिपांत एकवटून त्यांचा तयार संच विक्रीस आणला. त्यामुळे इतर उत्पादकांना एटीशी सुसंगत मदरबोर्ड बनवणे सोपे झाले आणि स्वस्त संगणकांचा मार्ग मोकळा झाला.

‘चिपसेट’ या नावातील ‘सेट’ म्हणजे हा संच. आज डेस्कटॉप मदरबोर्डवर बहुधा एकच चिप असते; तरी नाव टिकून आहे. भाषेच्या विद्यार्थ्याला याचे नवल वाटू नये. ‘तेल’ म्हणजे मुळात तिळाचे. पण आपण खोबऱ्याच्या तेलालाही तेलच म्हणतो. मोबाइलच्या जाहिरातीत तर ‘चिपसेट’ हा शब्द प्रोसेसरही सामावून घेणाऱ्या चिपेसाठी वापरतात. म्हणून तो शब्द कोणत्या संदर्भात आला आहे, हे आधी पाहावे.

५.२.३ नॉर्थब्रिज आणि साउथब्रिज

१९९० च्या दशकात चिपसेटची दोन प्रमुख चिपांत विभागणी रूढ झाली. मदरबोर्डचा आराखडा नकाशाप्रमाणे काढला, तर प्रोसेसर वरच्या बाजूस येतो. त्याच्या लगतची चिप ती नॉर्थब्रिज, खालची ती साउथब्रिज. रॅम व ग्राफिक्स कार्ड यांची वेगवान वाहतूक नॉर्थब्रिजकडे असे. डिस्क, यूएसबी, ध्वनी, कळफलक ही तुलनेने संथ कामे साउथब्रिजकडे असत.

या रचनेत एक अडचण होती. रॅममधील प्रत्येक माहितीसाठी प्रोसेसरला नॉर्थब्रिजच्या दारातून जावे लागे आणि त्यात वेळ जाई. प्रोसेसर जसजसे वेगवान झाले, तसतसा हा विलंब अधिक जाणवू लागला. २००३ मध्ये एएमडीने ऑप्टेरॉन व अ‍ॅथलॉन ६४ या प्रोसेसरांत स्मृती-नियंत्रक आतच बसवला. इंटेलने २००८ मध्ये कोअर आय७ मध्ये तोच मार्ग स्वीकारला. २००९ च्या पी५५ चिपसेटसोबत आलेल्या प्रोसेसरांत ग्राफिक्सची जोडणीही आत गेली आणि तेथे वेगळा नॉर्थब्रिज उरला नाही. त्याचे काम संपले नव्हते. ते प्रोसेसरमध्ये स्थलांतरित झाले होते.

५.२.४ सामायिक मार्गाची मर्यादा

उरलेल्या एका चिपेला अनेक उपकरणे जोडलेली असतात. मात्र तिच्यापासून प्रोसेसरपर्यंतचा मार्ग एकच असतो. २०१५ मध्ये आलेल्या इंटेलच्या १०० मालिकेतील प्रमुख डेस्कटॉप चिपसेटांत या मार्गाची क्षमता एका दिशेने प्रतिसेकंद सुमारे ४ गिगाबाइट होती. त्या पिढीतील एक वेगवान एनव्हीएमई डिस्क एकटीच त्यातील बहुतांश क्षमता वापरू शके. अशा दोन डिस्क चिपसेटला जोडून एकाच वेळी चालवल्या, तर दोन्हींना पूर्ण वेग मिळत नाही. जोडणीच्या जागा अनेक आहेत, एवढ्यावरून सर्व उपकरणे एकाच वेळी पूर्ण गतीने चालतील, असे समजू नये.

५.२.५ निवड आणि परिणाम

पुढील तीन उदाहरणांवरून चिपसेटचे व्यावहारिक महत्त्व स्पष्ट होईल.

(१) इंटेलच्या बाराव्या पिढीतील एकच प्रोसेसर एच६१० किंवा झेड६९० चिपसेटच्या मदरबोर्डवर चालतो. परंतु एच६१० मध्ये रॅमच्या दोनच पट्ट्या लावता येतात व प्रोसेसरची गती ठरल्यापेक्षा वाढवण्याची मुभा नसते. ज्याला केवळ लेखन-वाचन करायचे आहे, त्याला एच६१० पुरेसा ठरू शकतो. पुढे बरीच भर घालायची असेल, त्याने मात्र आधीच विचार करावा.

(२) सहाव्या ते नवव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी एलजीए ११५१ याच नावाचे सॉकेट होते. तरीही २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीसाठी ३०० मालिकेचा चिपसेट आवश्यक ठरवण्यात आला. १०० व २०० मालिकांच्या मदरबोर्डधारकांना नवा मदरबोर्ड घेणे भाग पडले. सॉकेट जुळले म्हणजे प्रोसेसर चालेल, असे नाही.

(३) ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने आपल्या ६ मालिकेच्या चिपसेटमध्ये दोष असल्याचे जाहीर केले. काही साटा जोडण्यांची कार्यक्षमता कालांतराने घटण्याचा संभव होता. प्रोसेसर निर्दोष होता. तरी चिपसेटचा पुरवठा थांबवावा लागला. दुरुस्ती व बदली यांचा खर्च कंपनीने सुमारे ७० कोटी डॉलर अंदाजला. दोष चिपेच्या घडणीतच असल्याने सुधारित चिप बनवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

तुमच्या विंडोज संगणकातील चिपसेटचे नाव बहुधा ‘डिव्हाइस मॅनेजर’मधील ‘सिस्टिम डिव्हायसेस’ या यादीत आढळेल. मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेतही ते दिलेले असते. जुना संगणक घेताना वा नवा प्रोसेसर बसवताना ते नाव प्रथम पाहावे आणि मदरबोर्ड-उत्पादकाच्या सुसंगत प्रोसेसरांच्या यादीशी ताडून पाहावे.

५.३ सारांश

चिपसेट हा प्रोसेसर आणि उपकरणे यांमधील दळणवळणाचा नियामक होय. सुट्या चिपा, मग दोन चिपांचा संच आणि पुढे एकच चिप, असा त्याचा प्रवास झाला. त्याची काही कामे प्रोसेसरमध्ये गेली. प्रोसेसरच्या नावावरून संगणकाच्या आजच्या गतीचा अंदाज येतो. उद्या त्यात काय जोडता येईल, हे मात्र चिपसेट पाहिल्यावाचून कळत नाही.

५.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. चिपसेटची प्रमुख कार्ये उदाहरणासह लिहा.
२. स्मृती-नियंत्रक प्रोसेसरमध्ये का नेण्यात आला, ते स्पष्ट करा.
३. ‘सॉकेट जुळले म्हणजे प्रोसेसर चालेल, असे नाही.’ या विधानाचे विवेचन करा.
४. तुमच्या वापरातील संगणकाच्या चिपसेटचे नाव शोधा व त्यावर रॅमच्या किती पट्ट्या लावता येतात, ते नोंदवा.