वतन आणि पेन्शन

बँकेच्या नोकरीत धाराशिव जिल्ह्यातल्या एका शाखेत मी काही वर्षे काढली. तेव्हा सरकारदरबारी जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते. ते बदलले २०२३ साली, पण जुनी माणसे तेव्हाही धाराशिवच म्हणत. नोव्हेंबर उजाडला की शाखेत पेन्शनरांची रीघ लागे. हयातीचा दाखला देण्याचा तो महिना. आपण जिवंत आहोत, हे माणसाने स्वतः येऊन सांगायचे आणि आम्ही ते कागदावर नोंदवून घ्यायचे!

त्या रांगेत दरवर्षी एक आजी येत. नवरा महार रेजिमेंटमध्ये शिपाई होता, सासराही पलटणीतलाच. एका वर्षी नव्या कारकुनाने त्यांचे वय आणि लुगडे पाहून शाईचे पॅड पुढे सरकवले. आजींनी ते बाजूला सारले.

"अंगठा कशापायी सायेब? सई करते की!"

रांग चुळबुळत राहिली आणि आजींनी सावकाश एकेक अक्षर काढले. "कुणी शिकवलं आजी?" मी विचारले. "मालकांनी. सुट्टीवर आले की पाटी घेऊन बसवायचे. त्यांला पलटणीत शिकवलं, त्यांनी मला."

घराण्यातल्या लष्करी परंपरेचा विषय निघाला की आपल्याला तलवारी, ढाली, बिल्ले आठवतात. मला ती पाटी आठवते. आणि पाठोपाठ आठवते ते आंबडव्याच्या सकपाळांचे घराणे.

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगडजवळ आंबडवे हे गाव. तिथले मालोजी सकपाळ इंग्रजी फौजेत गेले. त्यांचे चिरंजीव रामजी फौजेत सुभेदार झाले. बाबासाहेबांच्या आई भीमाबाई यांचे माहेर मुरबाडकरांचे, तेही सुभेदारांचे घर. कंपनी सरकारच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींनाही शिक्षण सक्तीचे होते, असे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. रामजी तर लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. ज्या समाजाला गावच्या शाळेचा उंबरठा चढू देत नव्हते, त्याच समाजातला एक माणूस छावणीत गुरुजी म्हणून उभा होता. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत भीमरावांचा जन्म झाला, तेव्हा त्या घरात अक्षरओळख जुनी झाली होती.

पण हा दरवाजा लवकरच लागला. काही जातीच तेवढ्या 'लढाऊ' असे इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी ठरवले आणि १८९२च्या सुमारास महारांची भरती बंद केली. वरवर पाहता गेली ती नोकरी. प्रत्यक्षात पगार गेला, शाळा गेली, म्हातारपणची पेन्शन गेली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ साली महारांची एक पलटण उभारली गेली. युद्ध संपले, गरज सरली, आणि १९२१ साली तीही मोडली.

मग उरले काय? गावचे वतन. तेही वडिलोपार्जितच. सांगावा पोचवायचा, मेलेले ढोर ओढायचे, सरकारी कामाला रात्रीबेरात्री धावायचे. मोबदला म्हणजे जमिनीचा तुकडा आणि घरोघरचे बलुते, तेही मागून आणायचे. वतनाने बापाचे ओझे मुलाच्या पाठीवर जन्मतःच ठेवले जाई. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्तीसाठी विधेयक आणले ते यामुळेच.

इथे आमच्या जिल्ह्याचा संबंध येतो. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली. बाबासाहेब या परिषदेसाठी तडवळ्याला आले, गावच्या शाळेत उतरले. आणि त्याच वर्षी, १ ऑक्टोबरला, बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून बाबासाहेबांनी सरकारकडे पाठपुरावा केला होता. फेब्रुवारीत वतनाचा प्रश्न, ऑक्टोबरात पलटण. मला या दोन तारखा एकाच वहीच्या दोन पानांसारख्या वाटतात.

शिपाईगिरीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परक्या सरकारसाठी रक्त सांडावे लागले. पुष्कळजण गेले ते पोटासाठी. कित्येक घरी पेन्शनबुक आले ते कर्ता मुलगा गेल्यावर. पण बँकेच्या टेबलामागे बसून मी एवढे शिकलो, की पेन्शन ही मागून आणायची गोष्ट नाही. ती नावावर जमा होते. बलुत्याला नाव नसते, फक्त जात असते.

महार रेजिमेंट पुढे सर्व जातीधर्मांना खुली झाली. १९८७ साली श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले, परमवीरचक्राचे मानकरी मेजर रामस्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटचे. सेनाप्रमुख झालेले जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजीही याच रेजिमेंटचे. आणि वतने? ती मुंबई राज्याच्या १९५८च्या कायद्याने गेली.

माझी बदली झाली त्या वर्षी आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. पोरगा कॉलेजात शिकत होता, उंचापुरा. मी सहज म्हणालो, "काय आजी, हाही पलटणीत जाणार ना? तिसरी पिढी!"

आजींनी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "त्येच्या मनावर हाय सायेब. जाईल न्हाईतर न्हाई जाणार."

एवढे म्हणून त्यांनी पेन मागितले आणि सहीसाठी वाकल्या. दोन पिढ्यांच्या शिपाईगिरीची खरी कमाई त्या एका वाक्यात होती. वतन असते, तर त्या पोराला कुणी विचारलेही नसते.