एकदाच घातलेल्या वाहिन्या

आंब्याचे झाड दरवर्षी नव्या वाहिन्या घालते. त्याच्या सालीखाली पेशी घडवणारा एक जिवंत थर असतो. आतल्या अंगाला तो पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या तयार करतो, बाहेरच्या अंगाला पानांतली साखर पोचवणाऱ्या रसवाहिन्या. जुन्या निकामी झाल्या तरी झाडाचे अडत नाही. खोड तेवढे जाड होत जाते. माडाकडे हा थरच नाही. रोपाचा बुंधा आधी आपली रुंदी गाठतो आणि मगच खोड उंच जाऊ लागते. ज्या भागात त्या वेळी जेवढ्या वाहिन्या पडल्या, तेवढ्यांवरच त्या भागाने जन्म काढायचा. कोकणात किंवा गोव्यात साठ-सत्तर वर्षांचा बाणवली माड दिसला, की त्याच्या बुंध्यातून आज चढणारे पाणी आजोबांच्या काळात घडलेल्या वाहिन्यांतून चढत असते. वनस्पतींमध्ये मला याहून मोठे नवल ठाऊक नाही.

माडाचा ओंडका आडवा कापला तर वर्षांची वलये दिसत नाहीत. दिसतात ते असंख्य गडद ठिपके, मध्याकडे विरळ आणि कडेला दाट. प्रत्येक ठिपका म्हणजे वाहिन्यांची एक जुडी: रुंद जलवाहिन्या, शेजारी रसवाहिन्या आणि त्यांना कवटाळून कठीण तंतू. जलवाहिनी ही मेलेल्या पेशींची पोकळ नळी, तेव्हा तिचे टिकणे समजू शकते. रसवाहिनीचे तसे नाही. तिची पेशी जिवंत असते, पण तिच्यात केंद्रक नसते. शेजारची सहपेशी तिला जगवते. बहुतेक वृक्षांत अशा पेशी एखादा हंगाम, फार तर काही वर्षे काम करतात. माडाच्या कुळात त्या कित्येक दशके वाहत्या राहतात.

या जुड्या खोडात कुठून कुठे जातात हे उलगडायला १९६०चे दशक उजाडावे लागले. हार्वर्डच्या मार्टिन झिमरमन यांनी बॅरी टॉमलिन्सन यांच्यासोबत कुंडीत लावल्या जाणाऱ्या ऱ्हापिस या लहान पामची निवड केली. खोडाचे पातळ काप एकामागून एक घेऊन त्यांची चित्रफीत केली. फीत चालवली की ठिपके पडद्यावर सरकू लागत आणि एकेका जुडीचा मार्ग नजरेने धरता येई. जुडी हळूहळू मध्याकडे झुकते, मग तिची एक शाखा झटक्यात बाहेर वळून पानात शिरते, आणि मूळ जुडी कडेला येऊन पुन्हा वर निघते. वाटेत ती शेजारणींना जोडून घेते. म्हणूनच झावळी गळून पडली तरी वाट खंडित होत नाही. चढण्यासाठी खोडावर पाडलेली खाच मात्र कधीच भरून येत नाही, कारण भरून काढणारा थर नाही. पाणी तिला वळसा घालून जाते, एवढेच.

पाणी वर ओढतात ती पाने. ओढणाऱ्या पंपाने पाणी दहा मीटरच्या वर चढत नाही, आणि माड तर वीस-पंचवीस मीटर उंच. १८९४ मध्ये डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी याचे उत्तर मांडले: बाष्पोच्छ्वासाने पानांतून पाणी उडते, पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात, आणि ताणलेली अखंड धार मुळांपासून वर खेचली जाते. जगदीशचंद्र बोस यांनी १९२३ च्या ग्रंथात जिवंत पेशींच्या स्पंदनाने रस चढतो असे म्हटले होते; ते टिकले नाही. ताणाखालच्या धारेला धोका असतो तो हवेच्या बुडबुड्याचा, आणि नव्या वाहिन्या न घालणाऱ्या झाडाला तो अधिकच. टी. ए. डेव्हिस यांनी १९६१ मध्ये ताडकुळातल्या झाडांच्या मुळांचा दाब बराच असतो असे दाखवले. रात्री पाने थंडावली की तुटलेल्या धारा पुन्हा भरायला हा दाब हातभार लावत असावा.

पानांवरची पर्णरंध्रे खालच्या बाजूलाच असतात. तिथूनच कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि वाफ बाहेर जाते. ती उघडायची तर त्यांच्या रक्षक पेशींत पोटॅशियम शिरावे लागते आणि त्याच्या जोडीला, माडात, मिठातलेच क्लोराइड. माडाच्या बुडाशी मीठ घालण्याची किनाऱ्यावरची जुनी चाल या शास्त्राच्या कितीतरी आधीची आहे.

साखरेचा प्रवाह बघायचा असेल तर माडी काढणाऱ्याकडे जावे. न उमललेली पोय तो दोरीने आवळून बांधतो, दिवसेंदिवस हलक्या हाताने ठोकतो, मग टोकाला पातळ काप देतो आणि खाली मडके बांधतो. एरवी जखम झाली की रसवाहिन्या तिथल्या तिथे बुजतात. पण ठोकून तयार केलेली आणि रोज ताजा काप मिळणारी पोय महिनाभर, कधी जास्तही, वाहत राहते. रसात शंभराला पंधरा भागांच्या आसपास साखर असते. जर्मनीच्या अर्न्स्ट म्युंख यांनी १९३० मध्ये जे सांगितले ते इथे थेंबाथेंबाने दिसते: पानाजवळ साखर रसवाहिनीत भरली जाते, तिच्यामागे पाणी आत शिरते, दाब वाढतो आणि रस दाब कमी असलेल्या टोकाकडे निघतो. मडक्याला आतून चुना लावला तर तो नीरा राहतो, नाहीतर काही तासांत आंबतो. भंडारी आणि गोव्याचे रेंदेर पिढ्यान्‌पिढ्या ज्या रसवाहिन्यांवर हात चालवत आले, त्यांच्याबद्दल त्यांना कुणा वनस्पतिशास्त्रज्ञाइतकेच कळते, असे मी मानतो.

मुळांचे गणित वेगळे. माडाला सोटमूळ नाही आणि मुळांवर केसही नाहीत. पाणी आणि क्षार टोकाजवळच्या कोवळ्या भागातून शोषले जातात. मुळांवर पांढरट, टोकदार श्वसनमुळे असतात. त्यांच्यातून मातीतला प्राणवायू आत जातो. भरतीचे पाणी येऊन ओसरणारी वाळू माडाला मानवते, पण साचलेले पाणी मानवत नाही, ते यामुळेच. आणि खोडाला जे जमत नाही ते बुंध्याला जमते: तो जन्मभर नवी मुळे फोडत राहतो. बुंधा उघडा पडला तर ही कोवळी मुळे हवेतच सुकतात. म्हणून बागायतदार दर पावसाळ्यानंतर आळ्यात मातीची भर घालतात.