कर्बवायू, पान आणि पोषण
१९५८ साली हवाई बेटांवरील मौना लोआ येथे मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या १० लाख भागांत कर्बवायूचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. पिकांना हे मानवेल काय? १९८० साली फार्कर, फॉन केमरर व बेरी यांनी पानातील प्रकाशसंश्लेषणाचे गणित मांडले. गहू-भाताच्या पानातील रुबिस्को हे विकर कर्बवायूऐवजी पुष्कळदा प्राणवायूच पकडते. कर्बवायू वाढला की ही गफलत घटते, पान अधिक अन्न घडविते. ज्वारी-मक्याची पाने कर्बवायू आधीच एकवटून घेतात. त्यांना हा लाभ फारसा नाही. परंतु वाढीव कर्बवायू सोडलेल्या उघड्या शेतांतील गव्हात प्रथिने व जस्त कमी आढळले. म्हणून आम्ही म्हणतो, केवळ उताऱ्यावर हुरळून जाऊ नये; कोठार भरले म्हणजे लेकरांचे पोषण झाले, असे नव्हे.